पगार + केळी : घरीच रिटर्न भरायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

रावेरचा_मास्तर | ४ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

राम राम मंडळी. काल कानबाईचे रोट झाले, आज विसर्जन करून घर निवांत झालंय, म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेला विषय काढतो.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. वाटणीत साडेतीन एकर आली, त्यात केळी. आजवर रिटर्न एका नेट कॅफेवाल्याकडे भरत आलो. फॉर्म १६ (शाळेने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) द्यायचा, पाचशे रुपये द्यायचे, चहा येईपर्यंत पावती हातात. यंदा घराच्या कर्जासाठी बँकेने तीन वर्षांची रिटर्नं मागितली. आयकराचं पोर्टल उघडायला बसलो तर पासवर्ड त्याच्याकडे, मोबाइल नंबर त्याचा, ई-मेलही त्याचाच. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार आणि साहेब सुरतेला लग्नाला गेलेले. चार दिवसांनी आले, तेव्हा कुठे सगळं माझ्या नावावर करून घेतलं.

मग जुनी रिटर्नं उघडून पाहिली. तिन्ही वर्षं आयटीआर-१ (पगारदारांचा साधा फॉर्म), आणि शेतीच्या रकान्यात शून्य. विचारलं, तर म्हणतो, "सर, शेतीला कुठे टॅक्स असतो?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

तर ठरवलंय की यंदा घरीच भरायचं. मुलाचा जुना लॅपटॉप आहे, नेट बरं आहे, लाइटचा भरवसा नाही. विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं का? कोणतं? मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढलीय, म्हणजे शिकायला वेळ आहे.

---

पुण्यातला_खान्देशी | ४ ऑगस्ट, रात्री १०:१५

सर, क्लिअरटॅक्स, क्विको, टॅक्सबडी, कोणतंही घ्या. फॉर्म १६ ची पीडीएफ चढवायची, आकडे आपोआप भरले जातात, दहा मिनिटांचं काम. मी सहा वर्षं असंच भरतोय. एवढा विचार करण्यासारखं त्यात काही नाही.

---

तापीकाठ_चोपडा | ४ ऑगस्ट, रात्री १०:३२

पुणेकर, तुमच्या फॉर्म १६ मध्ये केळी असते का?

सर, सॉफ्टवेअर मागाहून बघा, आधी फॉर्म कोणता ते ठरवा. शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालतच नाही. आयटीआर-२ भरावा लागतो. धंदा असेल तर ३. पाच हजारांत आजकाल केळीची रोपंसुद्धा येत नाहीत, म्हणजे आपल्याकडचा पगारदार शेतकरी बहुतेक २ मध्येच जातो. आणि सगळे १ भरतात.

---

हिशेबनीस_भुसावळ | ५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

तापीकाठ बरोबर बोलले. मी वीस वर्षं हिशेबाच्याच कामात आहे (सीए नाही, सीएंकडे नोकरी), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"शेतीला टॅक्स नाही" हे वाक्य अर्धं खरं आहे. कलम १०(१) नुसार शेतीचं उत्पन्न करमुक्त, यात वाद नाही. पण तुमचं बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर शेतीचा आकडा दर ठरवायला धरला जातो. कर शेतीवर लागत नाही, पण शेतीमुळे पगार वरच्या पायरीवर जाऊन बसतो. कॅफेवाल्याला हे माहीत नसतं, किंवा माहीत असून पाचशे रुपयांत एवढं कोण करणार?

सर, तुमचे दोन आकडे द्या, मांडून दाखवतो. प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) जाऊन पगार किती आणि शेतीत खर्च जाऊन काय उरलं?

---

रावेरचा_मास्तर | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

पगार ८,७५,०००. नव्या करपद्धतीत ७५,००० ची वजावट जाऊन ८,००,००० राहिले. केळीच्या पट्ट्या (व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पावत्या) जोडल्या. रोपं, खत, ठिबकची दुरुस्ती, मजुरी, घड वाहतुकीचा खर्च वजा केला. मागच्या वर्षी भाव बरा लागला, धरून चला ३,००,००० उरले. शाळेकडून टीडीएस (पगारातूनच कापलेला कर) ३१,२०० कापलाय.

---

हिशेबनीस_भुसावळ | ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

आर्थिक वर्ष २०२४-२५, नवी पद्धत. दर असे : ३ लाखांपर्यंत काही नाही, ३ ते ७ लाख ५ टक्के, ७ ते १० लाख १० टक्के, १० ते १२ लाख १५ टक्के. त्यापुढचं तुम्हाला नको.

आधी पगार आणि शेती एकत्र करा : ११ लाख. त्यावरचा कर २०,००० + ३०,००० + १५,००० = ६५,०००.

मग शेतीत करमुक्त मर्यादा मिळवा : ३ + ३ = ६ लाख. त्यावरचा कर १५,०००.

पहिल्यातून दुसरा वजा : ५०,०००. त्यावर ४ टक्के उपकर २,०००. एकूण ५२,०००.

शेती दाखवली नसती तर ८ लाखांवर ३०,००० अधिक उपकर, म्हणजे ३१,२००. शाळेने नेमके तेवढेच कापलेत, कारण शाळेला तुमची केळी माहीत नाही. फरक २०,८०० रुपयांचा. हा फरक १०,००० च्या वर गेला, म्हणजे आगाऊ कर भरायला हवा होता, म्हणजे २३४ब आणि २३४क चं व्याजही आलं. दर महिन्याला १ टक्का वाढतं ते. म्हणून १५ सप्टेंबरची वाट बघू नका, ऑगस्टमध्येच भरून टाका. मुदत रिटर्नची वाढली आहे, व्याज थांबलेलं नाही.

---

रावेरचा_मास्तर | ५ ऑगस्ट, रात्री ९:४८

आरं बापरे! हाई बठ्ठं मना डोकावरथीन गयतं, आते उतरनं. दोनदा कागदावर मांडलं, बरोबर ५२,००० च येतात.

मागच्या वर्षांचं काय मग?

---

हिशेबनीस_भुसावळ | ५ ऑगस्ट, रात्री १०:१०

ज्या वर्षी शेतीत उरलं आणि कर कमी भरला गेला, त्या वर्षासाठी अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. आता त्याची मुदत असेसमेंट इयर (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिने झाली आहे. जादा कराचा बोजा पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६०, ७०. जितका उशीर तितकं महाग. एखाद्या वर्षी शेतीत तोटाच असेल आणि कर वाढतच नसेल, तर त्या वर्षासाठी आयटीआर-यू चा उपयोग नाही.

---

रावेरचा_मास्तर | ५ ऑगस्ट, रात्री १०:१६

२३-२४ ला वादळात बाग आडवी झाली होती. त्या वर्षी घरातूनच घातले. पहिल्यांदाच त्या वादळाचं बरं वाटलं.

---

गिरणाकाठचा_वाघ | ६ ऑगस्ट, दुपारी १:३०

एक प्रामाणिक प्रश्न. शेती दाखवायचीच कशाला? कुणाला कळणार? आख्खं गाव दाखवत नाही.

---

तापीकाठ_चोपडा | ६ ऑगस्ट, दुपारी २:०५

वाघोबा, पूर्वी कळत नव्हतं. आता पोर्टलवर एआयएस (बँका वगैरे आपल्याबद्दल खात्याला जे कळवतात त्याची यादी) उघडून बघा. बचत खात्यात वर्षात १० लाखांच्या वर रोख भरली तर बँक कळवते. ३० लाखांच्या वरची जमीन घेतली-विकली तर निबंधक कार्यालय कळवतं. केळीचे पैसे रोखीने येतात, आपण ते खात्यात टाकतो आणि मग रिटर्नमध्ये नुसता पगार. उद्या खात्याने विचारलं की हे आले कुठून, तर तेव्हा "शेतीचे" म्हणणार ना? मग रिटर्नमध्ये का नाही, हा पुढचा प्रश्न येतोच.

---

हिशेबनीस_भुसावळ | ६ ऑगस्ट, रात्री ८:४०

याची दुसरी बाजूही आहे. काही जण दोन एकर कोरडवाहू कपाशीतून वीस लाखांचं उत्पन्न दाखवतात, दुसरीकडचा पैसा पांढरा करायला. त्यामुळेच निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की आयटीआर-२ मध्ये जमिनीचा तपशील द्यावा लागतो. जिल्हा, पिन कोड, किती एकर, मालकीची की भाडेपट्ट्याची, बागायती की पावसावरची. खोटं लिहिणाऱ्याची तिथेच पंचाईत होते. खऱ्याने सातबारा समोर ठेवून भरायचं. मात्र एकरात भरायचंय. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर. हेक्टरचाच आकडा एकरात टाकलेले दोन जण मी पाहिलेत, जमीन निम्म्याहून कमी झाली आणि उत्पन्न डोळ्यात भरायला लागलं.

---

साक्रीकर_माळावरचा | ७ ऑगस्ट, सकाळी ११:००

धाग्याबद्दल धन्यवाद, वाचनखूण साठवली. आमच्या ब्राह्मणवेलकडे शेतांत पवनचक्क्या आहेत. शेतातल्या जागेचं भाडं येतं, जमीन शेतीचीच आहे. हे शेती उत्पन्नात दाखवायचं का?

---

हिशेबनीस_भुसावळ | ७ ऑगस्ट, दुपारी १२:१०

नाही. जमीन शेतीची असून चालत नाही, ती शेतीसाठी वापरली गेली पाहिजे. पवनचक्कीचं किंवा सोलरचं भाडं करपात्र. तेच शेत कुणाला ठोक्याने कसायला दिलं, तर त्याचं भाडं शेती उत्पन्न. रोपवाटिकेचं उत्पन्नही शेतीत धरतात. म्हशीचं दूध मात्र शेतीत नाही. हे ऐकल्यावर सगळे चिडतात, पण कायदा तसाच आहे. ट्रॅक्टर भाड्याने फिरवला तर तेही नाही.

---

आबा_देवपूर_धुळे | ९ ऑगस्ट, सकाळी ६:१५

रक्षाबंधनाच्या शुभेच्छा. मी सेवानिवृत्त शिक्षक. सॉफ्टवेअरबद्दल माझा अनुभव सांगतो, नाव घेत नाही.

मागे मला सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता एकरकमी मिळाला. जावयाने एका पैसे भरायच्या सॉफ्टवेअरवर रिटर्न भरून दिलं. त्यात कलम ८९ ची सवलत (मागचा फरक एकदम मिळाल्याने वाढणाऱ्या करावरची) आकडेमोड करून छान दिसत होती. परतावा येणार म्हणून मी खूश. आलं काय, तर रिटर्न तपासून खात्याने पाठवलेली १४३(१) ची सूचना आणि वर भरायची रक्कम! का? तर फॉर्म १०ई भरलाच नव्हता. तो रिटर्नच्या आधी, पोर्टलवर वेगळा भरायचा असतो. सॉफ्टवेअरने सवलत मोजली, पण "आधी १०ई भरा" हे कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं. जावयाला काय बोलणार? भरले पैसे आणि मोकळा झालो.

ज्यांना ज्यांना फरक मिळाला असेल त्यांनी आधी १०ई. पोर्टलवर ई-फाइल, मग इन्कम टॅक्स फॉर्म्स, तिथे सापडतो.

---

अमळनेरची_लेक | १० ऑगस्ट, दुपारी ४:२५

आबा, बरं झालं सांगितलंत. माझा प्रश्न आईचा. बाबा शिक्षक होते, आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. गेल्या वर्षी मी एका वेबसाइटवरून भरलं, तिने "पेन्शन आहे का?" विचारलं, मी "हो" म्हटलं, तिने पगाराच्या रकान्यात टाकून प्रमाणित वजावट दिली. बरोबर आहे का ते?

---

हिशेबनीस_भुसावळ | १० ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

चूक आहे, ताई. स्वतःच्या नोकरीची पेन्शन म्हणजे पगार. नवऱ्याच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे "इतर उत्पन्न". त्याला ७५,००० ची वजावट नाही. एक तृतीयांश किंवा २५,००० (नव्या पद्धतीत, जुन्यात १५,०००) यातलं कमी असेल ते. वेबसाइटने "कुणाची पेन्शन?" हे विचारलंच नाही, आणि न विचारलेलं आपण तरी काय सांगणार.

आईंच्या ठेवींचं व्याजही बघा. बँकेच्या ठेवी एआयएसमध्ये दिसतील. पतसंस्थेतल्या दिसतीलच असं नाही, तरी व्याज करपात्रच आहे. पतसंस्थेतून व्याजाचा दाखला मागून घ्या.

---

अमळनेरची_लेक | १० ऑगस्ट, संध्याकाळी ७:१८

पतसंस्थेचं नाव काढू नका. मुद्दलच अडकलंय, व्याज कुठलं! (अवांतर झालं, सोडा.)

---

पुण्यातला_खान्देशी | ११ ऑगस्ट, रात्री ११:२०

माझ्या दहा मिनिटांवर सगळे तुटून पडलेत, म्हणून बाजू मांडतो.

केळीवाल्यांना विकतचं सॉफ्टवेअर नको असेल, मान्य. पण माझ्याकडे शेअर्स आणि म्युच्युअल फंड आहेत. गेल्या वर्षी २३ जुलैला दर बदलले : दीर्घ मुदतीचा १० चा १२.५ टक्के, अल्प मुदतीचा १५ चा २० टक्के. एकाच वर्षात आधीचे आणि नंतरचे व्यवहार वेगळे मांडायचे. माझे दीडशे व्यवहार. ब्रोकरची फाइल चढवली की सॉफ्टवेअर सगळं वेगळं करून देतं. हे हाताने करायचं म्हणजे गणपती जाऊन नवरात्र येईल. त्यासाठी मी पैसे देतो आणि देत राहीन.

एक तक्रार मात्र माझीही आहे. एका साइटवर (नाव नको) सगळं भरून शेवटच्या बटणावर आलो, तर "तुमच्या उत्पन्नासाठी वरचा प्लॅन घ्या". म्हणजे बोहल्यावर उभं केल्यावर हुंडा मागितल्यासारखं. आधी प्लॅनमध्ये भांडवली नफा आणि शेती दोन्ही बसतात का ते बघून घ्या.

---

तापीकाठ_चोपडा | १२ ऑगस्ट, सकाळी ८:००

पुणेकर, तुमनं बराबर शे. शेअरवाल्याने पैसे द्यावेत. पण मास्तरांकडे एक फॉर्म १६, एक बँक आणि पट्ट्यांची पिशवी. पट्ट्या कुठलंच सॉफ्टवेअर वाचत नाही. ते काम हातानेच आहे, मग पोर्टलवर फुकट का नको?

---

हिशेबनीस_भुसावळ | १२ ऑगस्ट, रात्री ९:००

अगदी. पोर्टलवर दोन वाटा आहेत. ब्राउझरमध्येच ऑनलाइन भरायचं, किंवा एक्सेल युटिलिटी उतरवून घरी भरायचं आणि शेवटी एक जेसॉन फाइल चढवायची. दोन्ही फुकट. लाइटचा भरवसा नसेल तर एक्सेल बरी. भरताना नेट लागत नाही, अर्ध्यावर लाइट गेली तरी सेव्ह केलेलं राहतं.

विकतच्या साइटवर गेलात तर एकच पथ्य पाळा. पोर्टलचा पासवर्ड देऊ नका. नोंदणी असलेले मध्यस्थ तुमच्या ओटीपीने परवानगी घेऊन काम करतात, त्यांना पासवर्ड लागत नाही. "जास्त परतावा काढून देतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. राजकीय पक्षाला देणगी, खोटं घरभाडं असं दाखवून परतावे काढून देणाऱ्यांची गेल्या महिन्यात, १४ जुलैला, खात्याने देशभर तपासणी केलीय. नोटीस येते ती एजंटाला नव्हे, ज्याचा पॅन त्याला.

---

रावेरचा_मास्तर | २४ ऑगस्ट, रात्री १०:३०

पोळा झाला, बैलांना नैवेद्य दाखवला, काल-आज दोन दिवस रिटर्नला बसलो. कुणाला उपयोग होईल म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

एआयएस उतरवला. पीडीएफ उघडेना. मुलगा म्हणाला पासवर्ड आहे : पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, आठ आकडी. उघडला. पगार, बचतीचं व्याज, एका ठेवीचं व्याज जे मी विसरलोच होतो. केळीचा कुठे मागमूस नाही. अर्थात, ती कोण कळवणार.

मग आयटीआर-२ ची एक्सेल उतरवली. उघडली तर वर लाल पट्टी, मॅक्रो बंद आहेत. बटणं दाबून काही होईना. तास गेला त्यात. शेवटी कळलं की फाइल बंद करायची, तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली "अनब्लॉक" वर खूण, ओके. परत उघडली, बटणं चालू. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बायकोच्या शिव्या वाचल्या असत्या, कारण तेवढ्यात शेवभाजी दोनदा गरम करून झाली होती.

पोर्टलवरून आधीच भरलेल्या माहितीची फाइल उतरवून आत घेतली. नाव, पत्ता, पगार, टीडीएस सगळं आपोआप आलं. बँक खात्याचा आयएफएससी जुना होता, बँक विलीन झाल्यापासून बदललाय. तो पोर्टलवर बदलून खातं परत प्रमाणित करून घेतलं.

आता ईआय नावाचं पान, करमुक्त उत्पन्नाचं. शेतीचं एकूण उत्पन्न, शेतीचा खर्च, मागच्या आठ वर्षांचा न भरून निघालेला तोटा, आणि निव्वळ. तोट्याचं बघून वादळाचं वर्ष आठवलं, हात शिवशिवले.

---

हिशेबनीस_भुसावळ | २४ ऑगस्ट, रात्री १०:४१

थांबा! त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये शेती शून्य दाखवलीय ना? मग तो तोटा कुठेच नोंदलेला नाही. टाकू नका.

---

रावेरचा_मास्तर | २४ ऑगस्ट, रात्री १०:५५

नाही टाकला. तो रकाना रिकामा ठेवला. (पाचशे रुपयांत गेला तो तोटा.)

निव्वळ ३,००,००० भरले आणि कराच्या पानावर गेलो. एकूण उत्पन्नावर कर ६५,०००. त्याखाली "शेती उत्पन्नावरील सूट" अशी एक ओळ आहे, त्यात आपोआप १५,०००. खाली ५०,०००, उपकर धरून ५२,०००. हिशेबनीस, तुमचा कागद आणि एक्सेल रुपयाला रुपया जुळले. पोरांचं गणित बरोबर आलं की जो आनंद होतो तसा झाला, पैसे आपलेच जाणार होते तरी.

(विसरलेल्या ठेवीचं व्याज? ते बायकोच्या नावावरच्या ठेवीचं निघालं, पॅन माझा लागला होता. पण पैसे माझे, म्हणून ते माझ्यातच धरावं लागेल असं वाटतंय. सध्या वरच्या हिशेबात धरलेलं नाही.)

---

हिशेबनीस_भुसावळ | २५ ऑगस्ट, सकाळी ७:१०

बरोबर वाटतंय. पैसे तुमचे आणि ठेव पत्नीच्या नावावर, तर व्याज तुमच्याच उत्पन्नात. "इतर उत्पन्न" मध्ये टाका, बचतीचं व्याजही तिथेच. नव्या पद्धतीत ८०टीटीए ची (बचतीच्या व्याजावरची) सूट नाही. त्या ठेवीवर टीडीएस कापला असेल तर तोही घ्या.

कर भरताना "सेल्फ असेसमेंट टॅक्स" निवडा, आणि असेसमेंट इयर २०२५-२६. आर्थिक वर्ष २०२४-२५ म्हणून लोक तिथेही २४-२५ निवडतात, पैसे मागच्या वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात आणि यंदाची मागणी तशीच उभी राहते. हा घोळ पुढे संपणार आहे. २१ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झालेल्या नव्या आयकर कायद्यात, १ एप्रिल २०२६ पासून, नुसतं "कर वर्ष" असेल. यंदा मात्र सांभाळा.

---

शिरपूरकर_पाव्हना | २५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

प्रश्न : सातबारा वडिलांच्या नावावर, कसतो मी, नोकरी माझी. केळी माझ्या रिटर्नमध्ये की वडिलांच्या?

---

हिशेबनीस_भुसावळ | २५ ऑगस्ट, सकाळी ९:५२

उतारा वडिलांचा, पट्ट्या वडिलांच्या नावाने, पैसे वडिलांच्या खात्यात, तर उत्पन्न त्यांचं. पट्टी तुमच्या नावाने आणि पैसे तुमच्या खात्यात येत असतील तर गुंता आहे. एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर आणखी वेगळं. तुमचे कागद घेऊन एकदा सीएकडे बसाच. सॉफ्टवेअरवर सुटणारा हा प्रश्न नाही, आणि माझ्या धाग्यावरच्या उत्तरावरही नाही.

---

रावेरचा_मास्तर | २८ ऑगस्ट, रात्री ८:१५

गणपती बसले. कर भरला. ठेवीचं व्याज सोडून जो फरक होता, त्यावर व्याज धरून २२,८९० झाले, म्हणजे मूळ २०,८०० आणि २३४ब, २३४क चे दोन हजारांच्या वर. त्याशिवाय ठेवीच्या व्याजावरचा कर वेगळा. चलन भरल्यावर त्याचा बीएसआर (बँक शाखेचा) कोड, तारीख आणि क्रमांक एक्सेलमध्ये टाकायचा असतो, हे कळायला आणखी अर्धा तास.

एक प्रश्न. "व्हॅलिडेट" दाबलं की जन्मतारखेवर बोट ठेवतंय. तारीख तर बरोबर आहे.

---

पुण्यातला_खान्देशी | २८ ऑगस्ट, रात्री ८:३०

लॅपटॉपची तारखेची मांडणी महिना आधी अशी असेल. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन दिवस-महिना-वर्ष करा, फाइल बंद करून परत उघडा. (बघा, दहा मिनिटवालाही कामाला येतो.)

---

रावेरचा_मास्तर | २८ ऑगस्ट, रात्री ८:५२

झालं! पुणेकर, जळगावला आलात की भरीत माझ्याकडून.

---

आबा_देवपूर_धुळे | २९ ऑगस्ट, सकाळी ६:००

मास्तर, फाइल चढवली म्हणजे संपलं नाही हो. ई-व्हेरिफाय ३० दिवसांच्या आत. आधी १२० दिवस असायचे, त्या हिशेबात आमचे एक स्नेही निवांत बसले आणि रिटर्न उशिराचं धरलं गेलं. उशिराच्या रिटर्नला जुनी करपद्धतही निवडता येत नाही, त्यांचा विमा, पीपीएफ सगळं वाया. आधारचा ओटीपी मागवा आणि आजच उरकून टाका.

---

रावेरचा_मास्तर | ७ सप्टेंबर, सकाळी १०:०५

आबा, त्याच रात्री उरकलं. ओटीपी माझ्याच फोनवर आला!

काल विसर्जनाला कॅफेवाला भेटला. रागावलेला वगैरे नाही. बाजूला घेऊन म्हणाला, सर, ते शेतीचं कुठल्या पानावर भरायचं असतं? त्याला ईआय दाखवायला उद्या बोलावलंय.

---

अमळनेरची_लेक | १५ सप्टेंबर, रात्री ९:४०

आईचं आत्ता भरतेय आणि पोर्टल गोल गोल फिरतंय. तासभर झाला. कुणाचं चालतंय का? चूक माझीच, शेवटच्या दिवसापर्यंत थांबले.

---

तापीकाठ_चोपडा | १५ सप्टेंबर, रात्री ९:५५

ताई, पहाटे चारला उठून बघा, तेव्हा मोकळं असतं. पण मुदत आज रात्रीचीच, म्हणून आत्ताच प्रयत्न करत राहा. ऑनलाइन भरत असाल तर दर पानाला सेव्ह.

---

अमळनेरची_लेक | १६ सप्टेंबर, सकाळी ७:३०

एक दिवस वाढवला! आजपर्यंत आहे. पहाटे साडेचारला झालं माझं. कुटुंब निवृत्तिवेतन इतर उत्पन्नात, वजावट २५,०००. हिशेबनीस काका, धन्यवाद. आता पतसंस्थेकडे दाखला मागायला जातेय, निदान दाखला तरी देतात का बघू.

---

रावेरचा_मास्तर | १६ सप्टेंबर, रात्री ९:१५

ताई, शुभेच्छा.

माझं रिटर्न प्रोसेस झालं, मागणी शून्य, परतावा शून्य. ते घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी तिन्ही वर्षांची रिटर्नं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा वर केला आणि विचारलं, "सर, एका वर्षात ही शेती उगवली कुठून?" सातबारा आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन गुरुवारी परत बोलावलंय.